चीनला गेलेला सोलापूरचा स्वयंसेवक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली. मी काही वक्ता नव्हे. खडू हातात नसला की मला बोलणे सुचत नाही. तरी आज्ञा मोडता येत नाही, म्हणून उभा आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झाल्यास आपण सांभाळून घ्याल, अशी आशा करतो.

आपल्या घराघरांतून एक वचन पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. इल्मसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, असा त्याचा आशय आहे. हे वचन हदीस म्हणून धरावे की नाही याबद्दल आलिम मंडळींत मतभेद आहेत. त्या वादात शिरण्याचा मला अधिकार नाही. पण लहानपणी नानीच्या तोंडून ते ऐकले की मला एकच प्रश्न पडे : खरोखर कोणी गेले होते का चीनला? आमच्या घरी अकोल्याला जायचे म्हटले तरी आदल्या रात्रीपासून पिशव्या भरल्या जात. मग चीन म्हणजे नानीच्या गोष्टीतला परीचा मुलूखच.

पुढे मास्तर झाल्यावर मला माझ्या प्रश्नाचे एक उत्तर सापडले. गेला होता. आपल्याच महाराष्ट्रातला, सोलापूरचा एक तरुण गेला होता. मात्र तो इल्म घेण्यासाठी गेला नव्हता. तो स्वयंसेवक म्हणून, सेवा देण्यासाठी गेला होता. तेथे गेल्यावर त्याला आधी विद्यार्थी व्हावे लागले. या गोष्टीतून आपण काय घ्यावे, तेवढेच आज मला सांगावयाचे आहे.

त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. मध्यम स्थितीतले, भावंडांनी भरलेले घर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या उच्च परीक्षेची तयारी करीत होते. त्या सुमारास, म्हणजे १९३७ पासून, जपानने चीनवर मोठे आक्रमण चालविले होते. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर ‘चीन दिन’ पाळण्यात आला, सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे एक वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोलकर. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा २८ वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते.

मुलांनो, आपल्या स्नेहसंमेलनात स्वयंसेवक म्हणजे छातीला रंगीत फीत लावून दाराशी उभा राहणारा, असा आपला समज असतो. फीत लावणे वाईट नाही. पण त्या पाच जणांनी स्वयंसेवक होण्यासाठी काय पुढे केले ते पाहा. हाती आलेली विद्या, चालू असलेली प्रॅक्टिस, समोर दिसणारी बढती आणि घरच्यांचा सहवास. यात ‘हाती आलेली विद्या’ मी प्रथम म्हटले ते मुद्दाम. रिकाम्या हाताने सेवा होत नाही. ज्याच्याजवळ काही असते तोच देऊ शकतो. कोटणीस आधी डॉक्टर झाले, मग स्वयंसेवक झाले.

आता पालकांसाठी एक गोष्ट. कोटणिसांनी घरी परवानगी मागितली तेव्हा वडिलांनी उत्तेजन दिले. आईला मात्र फार वाईट वाटले. तेथे लढाई चाललेली, देश अनोळखी. स्वतः कोटणिसांना तरी चीनची माहिती किती? गावोगाव रेशमी कापड विकत फिरणारे चिनी फेरीवाले पाहिलेले, एवढीच. त्या माऊलीचे चुकले असे कोण म्हणेल? आपले लेकरू मेहकरच्या पुढे गेले की आपल्याही आयाबहिणींचा जीव टांगणीला लागतो. तरी त्या घराने मुलाला जाऊ दिले.

पथक हाँगकाँगच्या मार्गाने चीनमध्ये पोहोचले आणि पुढे हँकौ या नदीकाठच्या बंदरी गेले. हे हँकौ म्हणजे आजच्या वुहान शहराचाच एक भाग. वुहान हे नाव आता आपल्यातल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. २०२० च्या सुरुवातीला साथ पसरली तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले होते आणि त्यांत आपल्या देशाचे कितीतरी विद्यार्थी होते. म्हणजे ज्या शहरी एकेकाळी आपला डॉक्टर सेवेसाठी उतरला, त्याच शहरी पुढे आपली मुले डॉक्टरकी शिकण्यास गेली.

१९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. त्या मुलखात पिवळ्या मातीच्या उंच दरडी आहेत. त्या दरडींत गुहा कोरून माणसे राहात. दवाखानेही गुहांतूनच चालत. थंडी अशी की आपल्याकडची पौषातली पहाट तिच्यापुढे काहीच नव्हे. रोजचे अन्न म्हणजे राळ्याची पेज नाहीतर राळ्याचा भात. राळा हे धान्य आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. आता शेतातून ते जवळजवळ नाहीसे झाले.

येनानला पोहोचण्यापूर्वीच कोटणिसांना घरून बातमी कळली होती की वडील वारले. ज्या वडिलांनी जाण्यास उत्तेजन दिले तेच गेले. सोबत्यांनी परत जाण्यास सुचविले. ते परतले असते तर कोणी नाव ठेवले नसते. पण ते परतले नाहीत. हे योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करीत नाही. घरची जबाबदारी हाही एक फर्जच आहे. मी इतकेच म्हणतो की परदेशात राहण्याची किंमत असते, ती पैशात मोजता येत नाही आणि ती जाणाराइतकीच घरात राहणाराला मोजावी लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे डॉक्टर चीनमध्ये पोहोचले खरे, पण रोगी समोर आला की बोलणार काय? कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे विचारल्याशिवाय डॉक्टरचा हात पुढे जात नाही. दुभाषा काही प्रत्येक खाटेजवळ उभा राहू शकत नाही. तेव्हा कोटणीस चिनी भाषा शिकू लागले.

ही भाषा किती अवघड, याची थोडी कल्पना विद्यार्थ्यांना देतो. आपल्या मराठीत बाराखडी आहे, उर्दूत अलिफ-बे आहे. अक्षरे पाठ झाली की कोणताही शब्द वाचता येतो. चिनी भाषेला अशी बाराखडी नाही. जवळजवळ प्रत्येक अर्थाला वेगळे चिन्ह. वर्तमानपत्र वाचायचे तर दोन-तीन हजार चिन्हे तोंडपाठ हवीत. त्यात आणखी उच्चाराची गंमत. ‘मा’ हा एकच आवाज एका सुरात काढला तर आई, दुसऱ्या सुरात काढला तर घोडा! उर्दूत एका नुक्त्याने ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो म्हणतात. तेथे सूर चुकला की आईचा घोडा होतो. अशी ती भाषा, आणि शिकणारा वयाने २८ वर्षांचा, दिवसभर जखमा शिवून थकलेला.

तो चुकत नसेल का? लोक हसत नसतील का? अहो, नक्कीच हसले असतील. तरी १९४० साल येईतो कोटणीस चिनी लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू लागले होते, थोडेफार लिहूही लागले होते. पुढे त्यांनी तेथील लष्करी वैद्यकीय शाळेत चिनी मुलांना चिनी भाषेतून शिकविले. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे एक पाठ्यपुस्तकही तयार केले; दुसरे लिहीत असतानाच त्यांचा शेवट झाला.

या शाळेला आणि तिच्या रुग्णालयाला डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव होते. बेथून हे कॅनडाचे सर्जन. तेही असेच आपखुशीने आलेले. जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांच्या हाती देण्यात आली. त्याआधी १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. औषधांचा तुटवडा, शत्रू कधी येईल याचा नेम नाही, रुग्णालयच पाठीवर घेऊन डोंगरातून फिरायचे.

तेथे क्वो छिंगलान नावाची परिचारिका होती. हा परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, याचेच तिला प्रथम नवल वाटले. १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. फेफऱ्याचे झटके वाढत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस. आज मी जवळपास त्याच वयाचा आहे. माझा हिशेब त्यांच्यापुढे मांडायचा झाला तर वहीचे पान कोरे राहील, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

पथकातले बाकीचे चौघे पुढेमागे मायदेशी परत आले. त्यांची हकिगत ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत लिहिली. ‘आणि एक जण परत आला नाही’ अशा अर्थाचे नाव त्यांनी त्या १९४४ च्या पुस्तकाला दिले. अब्बास हे मौलाना हालींचे पणतू. पानिपतहून मुंबईला आले आणि वर्तमानपत्रांतून लिहू लागले. त्यांच्या या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली. म्हणजे पाहा, सोलापूरच्या कोटणिसांची आठवण देशभर पोहोचविण्याचे काम पानिपतच्या अब्बासांनी आणि कोल्हापूरकडच्या शांतारामांनी केले. चांगल्या माणसाची आठवण ही कोणा एका जमातीची मिळकत नसते.

पुढे १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले. संबंध बिघडले, नंतरही अनेकदा बिघडले. तरी चीनमधील शिजियाझुआंग शहरात कोटणिसांची समाधी आणि पुतळा उभा आहे, आणि सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. त्यांच्या पत्नी २०१२ पर्यंत हयात होत्या. मुलगा मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. हे सांगतो अशासाठी की या कहाणीत नुसते हारतुरे नाहीत.

आता आपण विचाराल की, मास्तर, हे सगळे ठीक, पण याचा जानेफळशी काय संबंध?

संबंध आहे. त्यासाठी मला माझी एक चूक आपल्यासमोर सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी बारावी होऊन दूरच्या शहरी शिकण्यास गेला. बुद्धीने चांगला, अक्षर मोत्यासारखे. अठराव्या दिवशी तो परत आला. मी घरी गेलो. मला म्हणाला, “सर, मी तोंड उघडले की वर्गात हसतात. मराठी बोलतो तर उर्दूचा लहेजा येतो, इंग्रजी येत नाही. मी तीन आठवडे कोणाशी बोललोच नाही.” त्याचे अब्बा म्हणाले, “जाने दो सर, जी नहीं लगा उसका.” मीही म्हटले, “ठीक है बेटा, आ गया तो आ गया.” चहा घेतला आणि घरी आलो.

तो मुलगा आज येथेच मेहनतीची रोटी खातो. त्याच्या कामाला मी कमी लेखीत नाही. पण तो रस्त्यात भेटून सलाम करतो तेव्हा माझी मान खाली जाते. त्याला एक वाक्य सांगण्याची गरज होती आणि ते मी सांगितले नाही. ‘बेटा, हसणारे तीन महिने हसतात, चवथ्या महिन्यात थकतात. तू तीन महिने टिक.’ हे मी का सांगितले नाही? कारण मी स्वतः कॉलेजात मागच्या बाकावर बसून तीन वर्षे तोंड न उघडता बी.ए. झालो होतो. ज्या भीतीतून मी बाहेर पडलो नव्हतो, तिच्यातून त्याला कसा बाहेर काढणार?

मित्रांनो, आपल्या मुलांना बुद्धी कमी नाही. पैसा कमी आहे हे खरे, पण फक्त पैशामुळे मुले परत येत नाहीत. परक्या ठिकाणी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसण्याची लाज त्यांना परत आणते. कोटणीस डॉक्टर होते, मान होता, वय होते. तरी ते चिनी भाषेच्या पहिलीत जाऊन बसले. त्यांनी ती लाज सोडली म्हणून त्यांचे शस्त्र चालले. नाहीतर तेही दुभाष्याच्या मागे उभे राहून वर्ष काढते आणि परत येते.

पालकांना एक सावधगिरीही सांगतो. आजकाल परदेशी डॉक्टरकी शिकविण्याच्या जाहिराती आपल्या तालुक्यापर्यंत आल्या आहेत. मुलांना जरूर पाठवा, पण चौकशी करून पाठवा. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्याला येथे व्यवसाय करण्यापूर्वी एक परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती सोपी नाही. तेथे शिकविण्याची भाषा कोणती आणि रोगी कोणती भाषा बोलतात, हेही विचारा. वर्गात इंग्रजी आणि दवाखान्यात दुसरीच भाषा, असे झाले तर मुलगा पुस्तकातला डॉक्टर होतो, खाटेजवळचा होत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपल्या देशाच्या हजारो विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले, हेही विसरू नका. शेत विकण्यापूर्वी दहा जणांना विचारावे. एजंट हा त्यांतला एकच असावा.

या वर्षी आपल्याच मोहल्ल्यातल्या एका मुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाहेरगावी जाण्याची संधी आली आहे. तिची अम्मी माझ्याकडे आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी तिला कोटणिसांच्या आईची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. होस्टेल कोणी पाहून आले आहे का, तेथे वरच्या वर्गात आपल्या भागातली कोणी मुलगी आहे का, एवढेच विचारले आणि दोन्हींचा तपास करून देण्याचे कबूल केले. तपास केला. होस्टेल चांगले आहे. आपल्या तालुक्यातली एक मुलगी तेथे दुसऱ्या वर्षाला आहे. निर्णय त्या घराचा आहे. पण या खेपेस मी चहा पिऊन गप्प परत येणार नाही.

शेवटी, नुसते बोलून जाणे बरे नव्हे, म्हणून एक गोष्ट आपल्यासमोर कबूल करून जातो. या महिन्यापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी एक तास वर्गात थांबेन. ज्याला यायचे त्याने यावे. तेथे प्रत्येकाने पाच मिनिटे उभे राहून बोलायचे : एक शनिवार मराठीत, एक शनिवार इंग्रजीत. व्याकरण चुकले तरी चालेल. नियम एकच, कोणी कोणाला हसायचे नाही. पहिल्या शनिवारी इंग्रजीत पहिला मीच बोलेन. मी चुकणार, हे आताच सांगून ठेवतो.

पालकांना विनंती इतकीच. मूल बाहेरगावी गेले की फोनवर ‘जेवलास का’ हे जरूर विचारा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा : ‘आज कोणाशी बोललास?’ आणि पहिल्या तीन महिन्यांत ते ‘परत येतो’ म्हणाले तर ‘ये’ म्हणण्यापूर्वी एकदा आम्हा शिक्षकांना बोलवा. आम्ही येऊ.